टोमॅटो-वांग्याची कलमी रोपे: बेळगाव सीमाभागातील नव्या बागायतदारांसाठी मार्गदर्शक

बेळगाव शहराभोवतालच्या भाजीपाल्याच्या गावांत आणि खानापूर तालुक्यातील तांबड्या, आम्लधर्मी जमिनीत पावसाळा आला की एकच तक्रार ऐकू येते. फुलोऱ्यावर आलेली टोमॅटोची किंवा वांग्याची हिरवीगार झाडे दोन-तीन दिवसांत माना टाकतात, कितीही फवारण्या केल्या तरी पुन्हा उभी राहत नाहीत, आणि वरच्या सरीत सुरू झालेली मर पाण्याबरोबर खालच्या सरीत उतरते. हा रोग जमिनीतून मुळांवाटे झाडात शिरतो, त्यामुळे पानांवर मारलेले औषध त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. अशा जमिनीत तेच पीक पुन्हा घ्यायचे असेल, तर रोगाला सहजी बळी न पडणाऱ्या झाडाच्या मुळावर आपल्या पसंतीच्या वाणाचा शेंडा बांधून तयार केलेले कलमी रोप लावणे हा एक चांगला, व्यवहारात सिद्ध झालेला मार्ग आहे.

आंब्याचे आणि चिकूचे कलम आपल्या भागात सर्वांच्या परिचयाचे आहे. भाजीपाल्यात हीच रीत जपान आणि कोरियात १९२० च्या दशकात सुरू झाली. तेथे जमिनीतील मर रोगापासून कलिंगड वाचवण्यासाठी त्याचे शेंडे भोपळ्याच्या रोपांवर बांधण्यात आले. फरक इतकाच की भाजीपाल्यात हे काम कोवळ्या, दोन-चार पानांच्या रोपांवर करावे लागते आणि पुढच्या आठवडाभरात रोपांची काळजी बाळंतिणीसारखी घ्यावी लागते. खालच्या, मुळे असलेल्या भागाला या लेखात खुंट आणि वर बांधलेल्या भागाला शेंडा म्हटले आहे.

आधी रोग ओळखावा

कलमी रोपाची किंमत साध्या रोपापेक्षा कित्येक पट असते. म्हणून आपल्या शेतात झाडे नेमकी कशाने मरतात हे कळल्याशिवाय त्यात पैसे घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. तीन कारणे वेगळी ओळखता आली पाहिजेत.

जिवाणूजन्य मर रोगात झाड हिरवेच असताना सुकते, पाने पिवळी पडायला वेळच मिळत नाही. ओळखण्याची रीत सोपी आहे. सुकू लागलेल्या झाडाचे जमिनीलगतचे बोटभर लांबीचे खोड धारदार पात्याने कापावे आणि काचेच्या पेल्यातील स्वच्छ पाण्यात, कापलेले तोंड पाण्यात राहील असे, न हलवता टांगून धरावे. काही मिनिटांत त्या तोंडातून दुधासारखा पांढरट धागा खाली उतरताना दिसला, तर रोग जिवाणूचा आहे असे समजावे. बुरशीजन्य मर रोगात खालची पाने आधी पिवळी पडतात, बऱ्याचदा झाडाच्या एकाच बाजूची; झाड हळूहळू खचते आणि खोड उभे चिरल्यावर सालीखाली तपकिरी रेषा दिसतात, पण पाण्यात धागा सुटत नाही. तिसरे कारण सूत्रकृमींचे, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या जमिनीतील अतिसूक्ष्म जंतांचे. झाड खुरटते, दुपारी मलूल होते, संध्याकाळी सावरते, आणि उपटून पाहिले तर मुळांवर गाठी दिसतात. या गाठी मुळाचाच फुगलेला भाग असतात आणि नखाने सुटत नाहीत. शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरील उपयुक्त गाठी मात्र सहज सुटून येतात.

पानांचा बोकड्या, करपा, फळे पोखरणारी अळी किंवा पांढरी माशी यांच्यावर कलमाचा इलाज नाही. हे स्पष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण कलमी रोप म्हणजे सर्व रोगांतून सुटका असा समज करून घेऊन अनेक जण फवारणीचे वेळापत्रक सोडून देतात आणि पदरी निराशा येते.

येथील पीकपद्धतीचाही विचार करावा. बटाटा, मिरची, वांगे, टोमॅटो आणि तंबाखू ही सर्व एकाच कुळातील पिके आहेत. बटाट्यानंतर टोमॅटो घेतला किंवा निपाणीकडे तंबाखूच्या रानात वांगी केली, म्हणजे पिकाची फेरपालट झाली असे होत नाही. जमिनीतील शत्रूला त्याचे अन्न मिळतच राहते. भात, मका, ज्वारी यांची फेरपालट करणे ज्याला शक्य आहे त्याने ती करावी, आणि रोगप्रतिकारक वाण चालत असेल तर तोही आधी लावून पाहावा. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा ‘अर्का रक्षक’ हा टोमॅटो आणि ‘अर्का केशव’, ‘अर्का निधी’, ‘अर्का नीलकंठ’ ही वांगी जिवाणूजन्य मर रोगाला तोंड देणारी म्हणून ओळखली जातात. कलमाची खरी गरज तेव्हा निर्माण होते, जेव्हा बाजाराला हवा असलेला वाण रोगाला बळी पडणारा असतो. भरल्या वांग्यासाठी आपल्याकडे गिऱ्हाईक देशी काटेरी वांगेच मागते. त्याच्या चवीला दुसरा पर्याय चालत नाही. अशा वेळी फळ तेच ठेवून फक्त मूळ बदलता येते, आणि कलमाचे सर्वांत मोठे मोल मला यातच वाटते.

खुंटाची निवड

वांग्यासाठी सर्वाधिक वापरला जाणारा खुंट म्हणजे सोलॅनम टॉर्व्हम हे रानवांगे. गोवा आणि कोकणाच्या बाजूला ते रस्त्याकडेला झुडपासारखे वाढते, त्याला वाटाण्याएवढी फळे घोसाने लागतात, आणि कन्नड भागात त्याला सुंडेकाई म्हणतात. गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना आणि जमिनीतील मर रोगांना ते बऱ्याच अंशी दाद देत नाही, त्याची मुळे खोल जातात आणि झाड अनेक वर्षे टिकते. त्याचा एक दोष मात्र नवख्याला फार छळतो: बी फार उशिरा आणि मागे-पुढे उगवते. त्याच्यासारखीच दिसणारी इतर काटेरी रानझाडे असल्यामुळे बी विश्वासू ठिकाणाहूनच घ्यावे.

टोमॅटोसाठी दोन मार्ग आहेत. पहिला, रोगप्रतिकारक टोमॅटोचाच खुंट घेणे. ‘हवाई ७९९६’ हा वाण यासाठी जगभर प्रसिद्ध आहे आणि संकरित खुंटांचे बियाणेही बाजारात मिळते. दुसरा, टोमॅटोचा शेंडा वांग्यावर बांधणे. तैवान येथील जागतिक भाजीपाला केंद्राने आपल्या ‘ईजी १९५’ आणि ‘ईजी २०३’ या वांग्यांची शिफारस पावसाळी टोमॅटोसाठी केली आहे, कारण वांग्याचे मूळ जिवाणूजन्य मर रोगाबरोबरच काही दिवस साचून राहिलेले पाणीही टोमॅटोच्या मुळापेक्षा चांगले सोसते. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला किंवा भाताच्या खाचरालगत टोमॅटो करणाऱ्याने म्हणूनच वांग्याच्या खुंटाचा विचार आधी करावा. वर सांगितलेली ‘अर्का’ वांगी सहज मिळतात आणि त्यांचाही खुंट म्हणून उपयोग होतो. टोमॅटो रानवांग्यावर बांधू नये. कलम सुरुवातीला धरल्यासारखे दिसले तरी जोड पुढे नीट टिकत नाही.

अथणी, कागवाड, रायबाग या पूर्वेकडील तालुक्यांत मुख्य त्रास सूत्रकृमींचा असेल, तर सूत्रकृमीप्रतिकारक टोमॅटो खुंट उपयोगी पडतो. पण जमिनीचे तापमान २८ अंश सेल्सिअसच्या पुढे गेल्यावर टोमॅटोतील ही प्रतिकारशक्ती ढिली पडते. उन्हाळी लागवडीत त्याच्यावर पूर्ण भिस्त ठेवू नये आणि मुळांपाशी आच्छादन करून जमीन थंड राखावी. मिरची आणि ढबू मिरचीचे कलम मिरचीच्याच खुंटावर करावे लागते. वांग्यावर किंवा टोमॅटोवर ते धरत नाही.

धोतरा आणि तंबाखू यांचा खुंट कधीही वापरू नये

हे स्वतंत्र सांगण्याचे कारण असे की, ही सर्व झाडे एकाच कुळातील असल्याने त्यांच्यावर टोमॅटो सहज धरतो आणि ‘करून पाहू’ असा मोह होतो. धोतऱ्यातील विषारी द्रव्ये आणि तंबाखूतील निकोटिन ही मुळांत तयार होऊन वर चढतात. धोतऱ्यावर बांधलेल्या टोमॅटोची फळे खाऊन अमेरिकेत विषबाधा झालेली आहे, आणि तंबाखूवर बांधलेल्या टोमॅटोच्या पानांत निकोटिन उतरते हे जुन्या प्रयोगांतून सिद्ध झालेले आहे. निपाणी-चिकोडी भागात तंबाखूची रोपे जागोजागी उपलब्ध असतात. तेथे हा प्रयोग गंमत म्हणूनही कोणी करू नये.

साहित्य आणि बी टाकणे

नवे दाढीचे ब्लेड, दीड ते दोन मिलिमीटर आतील व्यासाच्या सिलिकॉनच्या क्लिपा किंवा लवचीक नळीचे तुकडे, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरलेले ट्रे, पाण्याचा बारीक फवारा देणारा पंप, पॉलिथिन कागद, शेडनेट आणि कमानीसाठी बांबूच्या कामट्या एवढ्यावर सुरुवात होते. ट्रेमध्ये शेतातील माती मुळीच घालू नये, कारण ज्या रोगापासून पळायचे तोच रोग रोपवाटिकेत आणण्यासारखे ते होईल.

कलम बांधण्याच्या दिवशी खुंट आणि शेंडा यांची जाडी सारखी, साधारण दीड ते अडीच मिलिमीटर, असली पाहिजे. सर्व वेळापत्रक या एका गोष्टीभोवती फिरते. टोमॅटो झपाट्याने वाढतो आणि वांगे सावकाश, म्हणून टोमॅटो वांग्यावर बांधायचा असेल तर वांग्याचे बी काही दिवस आधी टाकावे. रानवांग्याचे बी मात्र शेंड्याच्या वांग्यापेक्षा तीन ते चार आठवडे आधी टाकावे लागते. ते जिबरेलिक ॲसिड या वाढ-संप्रेरकाच्या सौम्य द्रावणात भिजवून टाकल्यास उगवण सुधारते. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्रींत येथील रोपे अथणीच्या रोपांपेक्षा मंद वाढतात, त्यामुळे दुसऱ्या तालुक्यातील वेळापत्रक जसेच्या तसे उचलू नये. शेंड्याचे बी दोन-तीन दिवसांच्या अंतराने दोन-तीन हप्त्यांत टाकले, तर खुंटाच्या जाडीशी जुळणारी रोपे कोणत्या ना कोणत्या हप्त्यात मिळतात. नवशिक्यासाठी ही युक्ती फार मोलाची आहे.

कलम बांधणे

काम सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, वारा नसलेल्या सावलीच्या जागी करावे. आदल्या दिवशी रोपांना पाणी देऊन ठेवावे, ऐन वेळी भिजवू नये.

हात साबणाने स्वच्छ धुवावेत. जो तंबाखू खातो, मळतो, विडी ओढतो किंवा तंबाखूच्या वखारीत काम करतो, त्याच्या बोटांवरून तंबाखूचा मोझॅक विषाणू टोमॅटो आणि ढबू मिरचीच्या रोपांत सहज जातो, आणि कलमात तर आपण प्रत्येक रोपाला ताजी जखम करत असतो. कामाच्या वेळी तंबाखू पूर्ण बंद ठेवावी. साय काढलेल्या दुधात बोटे बुडवल्याने हा विषाणू निष्प्रभ होतो, म्हणून साबणाने हात धुतल्यावर अशा दुधाची वाटी जवळ ठेवणे चांगले. ब्लेड दर काही रोपांनंतर स्पिरिटने पुसावे आणि धार जाताच बदलावे. बोथट पात्याने पेशी चिरडतात आणि जोड कुजतो.

तिरका काप घेण्याची पद्धत शिकायला सोपी आहे. खुंटाचे खोड सुमारे ४५ अंशांच्या किंवा त्याहून थोड्या अधिक उभट कोनात एकाच घावात कापावे. क्लिप अर्धी खाली आणि अर्धी वर राहील अशी खुंटावर चढवावी. शेंड्याच्या रोपाचे खोड त्याच जाडीच्या जागी, त्याच कोनात कापावे, दोन-तीन पाने ठेवून मोठे पान असल्यास काढून टाकावे, आणि दोन्ही काप एकमेकांवर सपाट बसतील असा शेंडा क्लिपमध्ये सरकवावा. मध्ये फट दिसता कामा नये. जाडी थोडी कमी-जास्त असेल तर निदान एका बाजूची साल दुसऱ्याच्या सालीशी तंतोतंत जुळवावी, कारण रस वाहणाऱ्या नव्या नळ्या सालीलगतच्या थरातून तयार होतात. खोडे जाड झाली असतील, तर खुंटाला मधोमध सुमारे एक सेंटिमीटर उभी चीर द्यावी आणि शेंड्याला पाचरीसारखे दोन्ही बाजूंनी तासून त्यात बसवावे. वांग्यात ही पाचर पद्धत चांगली साधते.

खुंट बीजपत्रांच्या, म्हणजे उगवताना येणाऱ्या पहिल्या दोन पानांच्या, वर कापावा की खाली, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. खाली कापला तर खुंटाला पुन्हा फुटवे येत नाहीत, पण जोड जमिनीच्या फार जवळ राहतो. वर कापला तर फुटवे खुडत राहावे लागतात, पण जोड उंच राहतो. आपल्याकडच्या पावसात चिखलाचे शिंतोडे हातभर उडतात. म्हणून उंच जोड घ्यावा आणि फुटवे खुडण्याचे कष्ट पत्करावेत, असे मी सांगेन.

जुळणीचा आठवडा

बहुतेकांची कलमे येथेच बिघडतात, त्यामुळे या भागाकडे विशेष लक्ष द्यावे. कापलेल्या शेंड्याला मूळ नाही. खुंटाशी त्याचा जोड होईपर्यंत पानांतून पाणी उडून जाऊ न देणे एवढेच आपल्या हातात असते. यासाठी कामट्यांची बुटकी कमान करून तिच्यावर पॉलिथिन कागद आणि त्यावर शेडनेटचे दोन थर टाकावेत, जमिनीवर ओली वाळू किंवा पाण्याचे उथळ ट्रे ठेवावेत आणि कडा मातीने दाबून हवा बंद करावी. आतील आर्द्रता ८५ ते ९५ टक्के आणि तापमान २५ ते ३० अंशांच्या आसपास राहिले पाहिजे. हे मोजण्याचे स्वस्त यंत्र मिळते, ते अवश्य आत टांगावे. अंदाजाने हे काम होत नाही.

पहिले दोन दिवस जवळजवळ अंधार ठेवावा आणि कागद उघडू नये. तिसऱ्या दिवसापासून शेडनेटचा एक थर काढून मंद उजेड द्यावा. चौथ्या-पाचव्या दिवशी सकाळी आणि संध्याकाळी थोडा वेळ कागदाची कड उचलावी. पाने लवू लागली तर लगेच झाकावे, ताठ राहिली तर दुसऱ्या दिवशी वेळ वाढवावा. सातव्या ते दहाव्या दिवसापर्यंत रोपे पूर्ण बाहेर काढता येतात. पुढचा सुमारे एक आठवडा शेडनेटखाली ठेवून, पाणी हळूहळू कमी करून त्यांना काटक करावे आणि मग लागवडीस न्यावे. पाणी द्यायचे ते ट्रेच्या बुडातून. वरून मोठ्या थेंबांचा फवारा मारल्यास पाणी जोडात शिरते आणि तेथे काळी कूज लागते.

काय बिघडले हे रोपच सांगते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच शेंडे सुकले, तर आर्द्रता तुटली होती किंवा काप नीट बसले नव्हते. शेंडे पांढुरके आणि लांबट झाले, तर अंधार जास्त दिवस राहिला. शेंड्याच्या कापातून बारीक पांढरी मुळे लोंबू लागली, तर ती कापून टाकावीत आणि हवा खेळू द्यावी. मार्च ते मे या काळात पूर्वेकडील तालुक्यांत उन्हातील कमान भट्टीसारखी तापते. ती झाडाखाली किंवा छपरात उभारावी आणि भोवती ओली गोणपाटे लावावीत. थंडीत उलट, रात्री कमानीवर जाड पांघरूण घालावे.

शेतातील लागवड

जोड जमिनीच्या वर राहिला पाहिजे, हा येथील एकमेव न मोडण्याचा नियम आहे. टोमॅटोचे साधे रोप आपण खोल लावतो आणि नंतर सरीची माती ओढून भर लावतो, त्यामुळे खोडाला जास्त मुळे फुटतात. कलमी रोपाच्या बाबतीत हीच चांगली सवय घातक ठरते, कारण मातीत गाडलेल्या शेंड्याला स्वतःची मुळे फुटतात, त्यांतून रोग थेट वर शिरतो आणि खुंटावर केलेला सर्व खर्च वाया जातो. मजुरांना हे कामाच्या आधी दाखवून द्यावे. उंच वरंबा, आच्छादन कागद आणि ठिबक असेल तर भर लावण्याची गरजच उरत नाही. आधाराला बांबू आणि सुतळी लवकर द्यावी, कारण वाऱ्याने झोका बसल्यास जोड निखळतो.

खुंटाचे फुटवे दर आठवड्याला खुडावेत. रानवांग्याचे फुटवे काटेरी आणि वेगळ्या पानांचे असल्याने ओळखू येतात. टोमॅटोवर टोमॅटो बांधला असेल तर मात्र जोडाच्या खालून आलेला प्रत्येक फुटवा काढून टाकावा. कलमी झाडाचे मूळ जोरकस असते, म्हणून अंतर थोडे वाढवावे. टोमॅटोच्या झाडाला दोन मुख्य फांद्या ठेवून वाढवल्यास एकरी रोपे कमी लागतात आणि महाग रोपांचा भार हलका होतो. सुरुवातीला नत्र नेहमीपेक्षा बेताने द्यावे. जोरकस मुळाला युरियाचा भरपूर डोस मिळाला की झाड पानांनीच माजते आणि फळ उशिरा धरते.

मालाच्या प्रतीवर होणारा परिणाम

कलमामुळे चव बिघडते असे काही व्यापारी सांगतात आणि कलमामुळे माल सुधारतो असे रोपे विकणारे सांगतात. दोन्ही विधाने अर्धवट आहेत. फळाचा आकार, रंग आणि जात शेंड्याकडून येते; पण त्या फळाला पाणी आणि खनिजे किती मिळतील हे खुंट ठरवतो, आणि प्रतीत होणारा बहुतेक फरक याच मार्गाने होतो.

जोरकस टोमॅटो खुंटावर फळे मोठी आणि वजनदार होतात, तोडे जास्त काळ चालतात. मात्र पाणी व नत्र सढळ दिले तर फळात पाण्याचा अंश वाढून गोडी आणि आंबटपणा दोन्ही फिके पडू शकतात. वांग्याच्या खुंटावर याच्या उलट कल दिसतो: वांग्याचे मूळ टोमॅटोला पाणी थोडे कमी पुरवते, त्यामुळे फळ काहीसे लहान पण गोडीला जास्त निघू शकते, आणि त्याचबरोबर फळाच्या बुडाशी काळा, चामड्यासारखा डाग पडण्याची शक्यता वाढते. हा डाग रोगाचा नसून फळाला कॅल्शियम कमी पोहोचल्याचा परिणाम आहे. पाणी एकदम तोडणे आणि एकदम सोडणे टाळले, माती परीक्षणानुसार आम्लधर्मी जमिनीत चुना दिला आणि अमोनियायुक्त खते कमी केली, तर तो बराच आटोक्यात येतो. गोव्याच्या बाजारात जाणारा माल चोर्ला किंवा अनमोड घाटातून हेलकावे खात जातो. म्हणून फळाचा टणकपणा आणि साल यांकडेही गोडीइतकेच लक्ष द्यावे.

वांगे रानवांग्यावर बांधल्यास सर्वांत मोठा लाभ काळाचा मिळतो. झाड मरत नाही, हंगाम लांबतो, छाटणी करून खोडव्यासारखा दुसरा बहर घेता येतो. जपानमधील अभ्यासांत असेही दिसले आहे की रानवांग्याचे मूळ जमिनीतील कॅडमियम हा विषारी धातू वर कमी चढू देते, त्यामुळे फळातील त्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटते. यावरून सांडपाण्यावर भाजी पिकवायला हरकत नाही असा अर्थ कोणी काढू नये. खुंटाची निवड अन्नाच्या शुद्धतेपर्यंत पोहोचते, एवढे त्यातून ध्यानात घ्यावे.

वेलवर्गीय पिकांत प्रतीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. कलिंगड संकरित भोपळ्यावर बांधल्यास वेल दणकट होतो, गर घट्ट होतो, साल जाड होते. पण काही जोड्यांत गोडी घटते किंवा फळ नेहमीपेक्षा काही दिवस उशिरा पिकते, आणि जुन्या हिशेबाने तोडले तर ते कच्चे निघते. दुधी भोपळ्याच्या खुंटावर चवीतील हा फरक सहसा कमी असतो, म्हणून नवशिक्याने कलिंगडासाठी दुधीच निवडावा. काकडीवर दिसणारी पांढरी भुकटी ही सिलिका असते. जपानमध्ये ती कमी शोषणारे भोपळ्याचे खुंट निवडून चकचकीत काकडी बाजारात आणली गेली, पण सिलिका कमी झालेल्या वेलीवर भुरी रोग जास्त येतो. कारल्यासाठी घोसाळ्याचा खुंट तैवानमध्ये रूढ असून तो मर रोग आणि ओल दोन्ही सोसतो. वेलवर्गात खुंटाचा वाढीचा कोंब मुळापासून खरवडून काढावा लागतो, नाहीतर तोच पुढे सरसावतो. म्हणून या पिकांकडे टोमॅटो-वांग्यावर हात बसल्यानंतरच वळावे.

पहिल्या हंगामाची आखणी

सुरुवातीस एक-दोन गुंठे पुरेत, आणि तेही जेथे मर हमखास येते त्याच तुकड्यात. एक ओळ कलमी, शेजारची ओळ त्याच वाणाची साधी, अशी आलटून-पालटून लागवड करावी, म्हणजे जमिनीचा आणि पाण्याचा फरक दोन्हींना सारखा लागेल. प्रत्येक तोड्याचे वजन, मेलेल्या झाडांची संख्या, बुडाशी डाग पडलेली फळे आणि मिळालेला दर हे दोन्ही ओळींसाठी वेगवेगळे वहीत लिहावे. टोमॅटो आणि कलिंगड यांची गोडी हातातील रिफ्रॅक्टोमीटरने मोजता येते. वांग्याची पारख मात्र स्वयंपाकघरातच होते: दोन्ही ओळींची वांगी वेगवेगळ्या भांड्यांत, सारख्या मसाल्यात शिजवून, कोणते कोणत्या ओळीचे हे न सांगता घरच्यांना वाढावीत आणि त्यांचे मत लिहून ठेवावे.

शिकण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. गोकाकजवळ अरभावी येथे बागलकोटच्या बागायत विज्ञान विद्यापीठाचे कित्तूर राणी चन्नम्मा महाविद्यालय आहे, आणि बैलहोंगल तालुक्यात मत्तिकोप्प येथे केएलई संस्थेचे कृषी विज्ञान केंद्र आहे. रोगी झाड मुळांसकट, ओलसर मातीसह पिशवीत घालून न्यावे आणि रोगाचे निदान करून घ्यावे. गावाजवळच्या रयत संपर्क केंद्रातही आधी विचारणा करता येते. कामकाज कन्नडमध्ये असले तरी झाड समोर ठेवल्यावर बोलणे अडत नाही. तयार रोपे विकत घेणार असल्यास रोपवाटिकेला खुंटाचे नाव, शेंड्याचा वाण आणि कलम बांधल्याची तारीख पावतीवर लिहून मागावी, जोड बोटाने हलकेच वाकवून पाहावा, आणि खुंटाचे नाव सांगायला जो तयार नसेल त्याच्याकडून रोपे घेऊ नयेत.